पटावर ४० मुलं, म्हणजे शाळा ओस?

अमेरिकेतल्या छोट्या, पर्यायी ऑनलाइन हायस्कुलांबद्दल हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. मुळात तिथे केंद्र सरकारच्या आकडेवारीसाठी पटसंख्या मोजतात ती १ ऑक्टोबरच्या आसपास, एकदाच. अशा शाळेत मात्र मुलांची ये-जा वर्षभर चालते: कुणी नोकरी सांभाळून शिकतं, कुणी पदरात तान्हं बाळ घेऊन, कुणी राहिलेले विषय काढायला येतं. जानेवारीत दाखल झालेली मुलगी त्या आकड्यात नसतेच. अशा छोट्या शाळेची कुठलीही टक्केवारी तर त्याहून फसवी. ४० जणांत एक मूल इकडचं तिकडे झालं, की थेट २.५ टक्क्यांचा फरक!

‘तिथे गरीब मुलं नसतात’ हीसुद्धा लोणकढी थापच. अनेक ठिकाणी गरिबी मोजतात ती शाळेतल्या मोफत जेवणासाठी गरीब घरांतून येणाऱ्या अर्जांवरून. जी शाळा जेवणच देत नाही, तिथे अर्ज भरणार कोण?