पहिला राजकीय रॅप अल्बम आणि गुन्ह्याची कलमे : नाशिकच्या संदर्भातील पार्श्वभूमी

नाशिकमधला विशी-बाविशीतला एखादा रॅपर आपल्या पहिल्याच अल्बममध्ये कांद्याचा भाव, महापालिकेचा कारभार, जातीवरून नाकारलेली भाड्याची खोली आणि पक्षांची फोडाफोडी यांवर बोलतो, तेव्हा त्याच्याविषयीची चर्चा बहुधा दोनच ठिकाणी अडते : त्याची भाषा आणि त्याच्या पाठीशी कोण आहे. या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. गाण्यावर हरकत आली तर ती कोणी, केव्हा आणि कोणत्या कसोटीवर तपासायची, हा तो प्रश्न असून नाशिकपुरता तरी तो शंभर वर्षांहून जुना आहे. हिप-हॉप, म्हणजे रॅप ज्यातून जन्मले ती संगीत-संस्कृती, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून धारावीत कसे आले आणि तेथून मराठीत कसे रुजले, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यामुळे ते येथे सांगत नाही.

आजच्या वादाची थेट सुरुवात एप्रिल २०२३ मध्ये झाली. आदल्या वर्षीच्या जूनमध्ये राज्यात जे सत्तांतर घडले, त्यावर खोक्यांच्या घोषणा गावोगाव दिल्या जात होत्या आणि त्याच वातावरणात समाजमाध्यमांवर पसरलेल्या गाण्यांवरून महाराष्ट्रातील दोन तरुण रॅपरांवर थोड्याच दिवसांच्या अंतराने गुन्हे दाखल झाले. त्यांपैकी कोणाकडेही मोठी कंपनी, व्यवस्थापक किंवा वकिलांची फौज नव्हती. तेव्हापासून राजकीय ओळ लिहिणारा प्रत्येक नवा रॅपर यमकाबरोबर कलमाचाही विचार करू लागला. नाशिकमधले तरुण त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

या प्रकरणांमधला खरा गुंता गुन्हा दाखल करण्याच्या निर्णयात आहे आणि त्यावर जरा थांबणे आवश्यक आहे. एखाद्या नेत्याची गाण्यातून बदनामी झाली असे मानले, तरी बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही आणि नेत्याने स्वतः न्यायालयात तक्रार करणे हाच त्याचा नेहमीचा मार्ग आहे. शांतताभंगासाठी हेतुपुरस्सर केलेला अपमानही अदखलपात्रच आहे. म्हणून नेत्याचा कार्यकर्ता पोलीस ठाण्यात येतो तेव्हा तक्रारीत हमखास एक वाक्य घातले जाते : या गाण्यामुळे दोन गटांत तेढ निर्माण होत आहे. जुन्या दंडसंहितेतील १५३-अ आणि ५०५ (२), म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतील १९६ आणि ३५३ (२), ही कलमे दखलपात्र आहेत. ती लागली की मामला खासगी तक्रारीतून थेट पोलिसांच्या हातात जातो.

वास्तविक तेढीच्या कलमांना धर्म, वंश, जन्मस्थान, भाषा, जात अशा आधारांवर ओळखले जाणारे गट अभिप्रेत आहेत. असे किमान दोन गट समोर असल्याशिवाय ही कलमे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच स्पष्ट केले होते. सत्ताधारी पक्ष हा असा गट नाही, महापालिका तर नाहीच. तरीही कलम लागते, फोन जप्त होतो, ठाण्याच्या चकरा सुरू होतात आणि कलम चुकीचे होते हे ठरेपर्यंत वर्ष-दोन वर्षे निघून जातात. अल्बम तोवर विसरला गेलेला असतो. शिक्षा निकालाआधीच भोगून होते, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे दुखणे आहे.

२८ मार्च २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा आहे. गुजरातमधील जामनगर येथे एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या चित्रफितीमागे एक उर्दू कविता वाजत होती. त्यावरून गुन्हा दाखल झाला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करताना फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७३ (३) कडे लक्ष वेधले. तीन वर्षे किंवा त्याहून अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा हे कलम देते. भाषण, लेखन, कविता यांविषयीच्या अशा तक्रारींत आधी ही चौकशी करणे नेहमीच योग्य ठरेल, असे न्यायालयाने म्हटले. तेढीच्या दोन्ही कलमांची कमाल शिक्षा सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असल्याने रॅपरांवरील तक्रारी नेमक्या याच चौकटीत बसतात. शब्दांचा परिणाम कोणाच्या नजरेतून मोजायचा, याचेही उत्तर त्या निकालात आहे : विवेकी, खंबीर आणि धीराच्या माणसाच्या, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या नव्हे. ही कसोटी १९४० च्या दशकात नागपूरच्या उच्च न्यायालयाने घालून दिलेली आहे, हे महाराष्ट्रातील वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

या निर्णयावर पोलिसांच्या बाजूने एक आक्षेप घेतला जातो आणि तो पोकळ नाही. गाणे तासाभरात हजारो फोनवर पोचते आणि चौदा दिवस हा फार मोठा काळ आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये जुन्या नाशिकमध्ये झालेल्या दगडफेकीचा अनुभव पोलिसांच्या विस्मरणात गेलेला नाही. परंतु हा युक्तिवाद एखाद्या समाजाविरुद्ध चिथावणी देणाऱ्या गाण्याला लागू पडतो. रस्त्यातील खड्डे, निविदा किंवा पक्षांतर यांवरच्या गाण्याला तो लावणे म्हणजे सत्तेवरील टीकेला दंगलीच्या रांगेत उभे करणे होय. चौकशी करायची की थेट गुन्हा नोंदवायचा, हा निर्णय अजूनही ठाण्याच्या पातळीवर आणि अनेकदा बाहेर जमलेल्या गर्दीकडे पाहून होतो.

पहिला अल्बम काढणाऱ्यावर याचा भार अधिक पडतो. घरातल्या खोलीत भिंतींना गोधड्या लटकवून आवाज भरलेला असतो, बीट, म्हणजे शब्दांमागची तयार ताल-धून, इंटरनेटवरून भाड्याने घेतलेली असते आणि वर्षाची वर्गणी भरून एखाद्या वितरण-सेवेमार्फत गाणी ऑनलाइन चढवलेली असतात. प्रत्येक गाण्याला बारा अक्षरांचा आंतरराष्ट्रीय नोंद-क्रमांक मिळतो. शिवी असेल तर शीर्षकाशेजारी ‘एक्स्प्लिसिट’ची खूण लागते. केवळ ध्वनिरूपातील अल्बमला आपल्याकडे पूर्वपरवानगी लागत नाही, कारण चित्रपट प्रमाणन मंडळाचे काम चित्रपटांपुरते आहे. म्हणजे आधी कोणी अडवत नाही आणि नंतर कोणी वाचवत नाही. नेत्याच्या भाषणाचा तुकडा गाण्यात वापरला असेल, तर त्या चित्रफितीचा मालक कॉपीराइटचा दावा करून गाणे उतरवू शकतो. यूट्यूबवर नव्वद दिवसांत असे तीन स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइटभंगाच्या तीन नोंदी, झाले, तर संपूर्ण वाहिनीच बंद होण्याची वेळ येते. राजकीय गाणे बंद पाडण्यासाठी राजकीय कारण द्यावेच लागते असे नाही.

आता मागचा काळ. ८ जून १९०९ रोजी वि. दा. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव सावरकरांना नाशिकमध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ती मुख्यतः काही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल. कलमे होती राजद्रोहाचे १२४-अ आणि युद्ध पुकारण्याच्या चिथावणीचे १२१. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाटक पाहण्यासाठी विजयानंद नाट्यगृहात आलेल्या नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. नाटकांवर बंदी घालण्याचा १८७६ चा कायदा त्याआधीपासूनच होता आणि तो औपचारिकरीत्या रद्द होण्यास २०१८ साल उजाडले. राजद्रोहाच्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये थांबवला. नव्या संहितेत त्याच्या जागी वेगळ्या शब्दांचे कलम १५२ आले. शासनाविरुद्धच्या कवितेकडे फौजदारी गुन्हा म्हणून पाहण्याची सवय मात्र कायद्यांपेक्षा चिवट निघाली.

रॅपचे नाते सहसा पोवाड्याशी जोडले जाते. माझ्या मते नाशिकमध्ये ते जलशाशी, म्हणजे गाण्यांतून प्रबोधन करणाऱ्या लोकनाट्याशी, अधिक जवळचे आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि याच काळात नाशिक जिल्ह्यातील शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. सत्यशोधकांनी आधीच तमाशाचा बाज प्रबोधनासाठी वापरला होता. या जलशांनी ढोलकी-तुणतुणे ठेवले, सवालजवाब ठेवला आणि विषय बदलून पाणवठा, शाळा, सावकार व मंदिर आणले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक याच परंपरेतून पुढे आले. आपल्या वस्तीच्या वतीने, आपल्या बोलीत, समोरच्याला प्रश्न विचारत गाणे ही रीत आजच्या मुलांनी अमेरिकेतूनच उचलली असे समजणे हा अन्याय आहे.

विषयांची कमतरता शहराला अलीकडे नव्हतीच. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईपर्यंत गात गेला. डिसेंबर २०२३ च्या कांदा निर्यातबंदीने लासलगावचे लिलाव हादरले आणि मे २०२४ मध्ये ती उठली तेव्हाही निर्यातीवर ४० टक्के शुल्क होतेच. सिंहस्थाच्या तयारीत तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर कलाकारही रस्त्यावर उतरले. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठीचे विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केल्यावर शाहीर आणि रॅपर दोघांनाही त्याच्या व्याप्तीची चिंता वाटली, ती उगाच नव्हे.

अल्बम निघाल्यानंतर त्याचा कार्यक्रम करायचा झाला, की परिस्थिती उलटी होऊन अडवणूक आधीच सुरू होते. मैदानाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते, रात्री दहाची मर्यादा पाळावी लागते आणि अनेकदा आयोजकाच्या हातात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खालील प्रतिबंधात्मक नोटीस पडते. काही अनुचित घडल्यास तुम्हाला जबाबदार धरले जाईल, एवढाच तिचा मथितार्थ असतो. ती न्यायालयाचा आदेश नसते, तिच्यात कोणत्या ओळीला हरकत आहे हे लिहिलेले नसते आणि तिला आव्हान द्यायचे तर नाशिकच्या मुलाला मुंबईत उच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागतो. सभागृहाचा मालक तोपर्यंत थांबत नाही. तो दिलेली तारीख रद्द करतो आणि अनामत परत करतो.