विमान कारखाना सरकारने नव्हे, वालचंदांनी उभारला

गोव्यातल्या बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एचटी-२ हे छोटं प्रशिक्षण विमान पाहताना हमखास ऐकू येतं, "नेहरूंनी स्वातंत्र्यानंतर काढलेल्या कारखान्याचं हे." विमान 1951 चं, पण कारखाना त्याहून जुना आहे. तो उभा राहिला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज आणि भारतात इंग्रज राज्य करत होते.

बंगळुरूची 'हिंदुस्तान एअरक्राफ्ट' 23 डिसेंबर 1940 रोजी स्थापन केली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. मूळचे बांधकाम कंत्राटदार, पुढे सिंधिया जहाज कंपनीत आले. 1939 मध्ये विमानप्रवासात विल्यम पॉली हा अमेरिकी विमान व्यावसायिक भेटला आणि वालचंदांनी विमान कारखान्याचा विषय लावून धरला. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिलं. ब्रिटिश सरकार भागीदार झालं ते 1941 मध्ये. त्याच वर्षी हार्लो जातीचं पहिलं विमान उडालं.

मग वालचंदांचं नाव मागे का पडलं? दुसरं महायुद्ध दाराशी आलं तेव्हा, 1942 मध्ये, सरकारने त्यांचे शेअर विकत घेतले. म्हणजे विमान उद्योगातली त्यांची कारकीर्द जेमतेम दीड वर्षाची. या कंपनीचं आजचं 'एचएएल' (हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड) हे नाव तर 1964 च्या विलीनीकरणानंतरचं. एचटी-२ चे रचनाकार विष्णू माधव घाटगे मात्र वालचंदांच्याच काळात, 1940 मध्ये, तिथे रुजू झाले होते.