पंधरा सेकंदांत काय कळतं, काय कळत नाही : पाणी तपासणीच्या आमच्या दोन साधनांविषयी

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मधले दिवस तेच पाणी हौदात, पिंपात, गच्चीवरच्या टाकीत साठून राहतं. शुद्ध होऊन आलेलं पाणी आपल्याच साठवणीत बिघडतं आणि दिसायला मात्र नितळ असतं. म्हणून खानावळी, मंगल कार्यालयं, वसतिगृहं आणि जारवाल्यांसाठी आम्ही ही दोन साधनं ठेवतो.

पहिलं म्हणजे हातात मावणारं मीटर. टाकीच्या आतल्या भिंतीवर किंवा तोटीच्या तोंडाशी स्वॅब (नमुना टिपायची काडी) फिरवायचा, नळीत दाबून हलवायचा, मीटरमध्ये ठेवायचा. साधारण 15 सेकंदांत आकडा येतो. प्रत्येक जिवंत पेशीत एटीपी नावाचं रसायन असतं. काजवा ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) चमकतो, तेच विकर स्वॅबच्या नळीत असतं. त्याची एटीपीशी गाठ पडली की मंद उजेड पडतो आणि मीटर तो मोजतं. एका मंगल कार्यालयात टाकी नुकतीच धुतलेली असूनही आकडा चढाच येत होता. झाकणाच्या कडेखाली बोट फिरवलं, तर बुळबुळीत थर! ब्रश तिथवर पोचतच नव्हता.

मात्र मीटर जंतू कोणता हे सांगत नाही. दुधाचा, वाटणाचा अंश राहिला तरी आकडा चढतो. उलट टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पाणी भिंतीवर राहिलं तर आकडा खोटाच कमी दिसू शकतो, म्हणून आधी साध्या पाण्यानं खळबळून घ्या. टाकी नीट घासली गेली का, एवढंच मीटरला विचारा. पाणी पिण्याजोगं आहे का, हे त्याला विचारू नका.

त्यासाठी एच-टू-एस बाटली. ही पद्धत भारतीय शास्त्रज्ञांनी 1982 साली मांडली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, तोंडाला आतून बोट लावायचं नाही, झाकण घट्ट करून 24 ते 48 तास उबदार जागी ठेवायची. विष्ठेबरोबर येणारे अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड (एच-टू-एस) वायू सोडतात, तो बाटलीतल्या कागदी पट्टीतल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळं पडतं. आपल्या उन्हाळ्यात वेगळी ऊब लागत नाही; गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या थंडीत, बाटली कापडात गुंडाळून ठेवा.

बाटली काळी पडली तर ते पाणी पिणं लगेच थांबवा. अगदीच गरज पडली तर खळखळून उकळून प्या. बोअरच्या पाण्यात गंधकाचे अंश असले तरी बाटली काळी पडू शकते, त्यामुळे पुढचा निवाडा प्रयोगशाळेचाच. भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याच्या 100 मिली पाण्यात ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात सापडता कामा नये. आमची दोन्ही साधनं हे मोजत नाहीत, आणि कुणी मोजतात म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

काळी बाटली उघडून वास घेऊ नका. ब्लीचिंग पावडर टाकून काही वेळ ठेवा, मग संडासात ओता. स्वॅब फ्रिजमध्ये ठेवा, वापरायच्या दहा मिनिटं आधी बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या डिकीत विसरलेले स्वॅब वापरूच नका, दुकानात आणून दाखवा.