कंपन्यांची लाज काढणाऱ्या मोहिमा: पार्श्वभूमी

कामगारांना पिळणाऱ्या कंपनीचं नाव घेऊन तिला चारचौघांत जाब विचारायचा, ही पद्धत समाजमाध्यमांच्या फार आधीची आहे. १७९१ साली ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार बंद करण्याचं विधेयक फेटाळलं, तेव्हा तिथल्या हजारो कुटुंबांनी वेस्ट इंडीजची साखर घरात आणणंच सोडलं. पण तो राग एका अख्ख्या धंद्यावर होता. एकाच कंपनीला नावानिशी गाठण्याचं ठळक उदाहरण सापडतं ते १८८८ च्या लंडनमध्ये.

होमरूल चळवळीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या ॲनी बेझंट तेव्हा तिथं 'द लिंक' हे छोटं साप्ताहिक चालवत होत्या. ब्रायंट अँड मे या आगपेट्यांच्या कंपनीवर त्यांनी जून महिन्यात लेख लिहिला. त्याची धार विशेषणांत नव्हती, हिशेबात होती. सोळा वर्षांच्या एका मुलीची कमाई आठवड्याला चार शिलिंग. पाय मळके दिसले किंवा बाकाखाली कचरा राहिला, तर तीन पेन्स दंड. पेटलेल्या काड्या बाकावर ठेवल्या, तर एक शिलिंग कापल्याचंही उदाहरण होतं. म्हणजे आठवड्याची पाव कमाई गेली. भागधारकांना मात्र वीस टक्क्यांहून जास्त लाभांश मिळत होता. 'हे सगळं खोटं आहे' अशा कागदावर सह्या करा, असा दबाव कंपनीनं कामगारांवर आणला. मुलींनी सही केली नाही. जुलैच्या सुरुवातीला सुमारे चौदाशे जणी काम सोडून बाहेर पडल्या आणि दोनेक आठवड्यांत दंडाची पद्धत बंद झाली. श्रेय बऱ्याचदा एकट्या बेझंटबाईंना दिलं जातं, ते मला पटत नाही. लेखानं कंपनीला उघडं पाडलं. नमवलं ते सही नाकारणाऱ्या मुलींनी.

आणि तरीही काड्यांच्या गुलात वापरला जाणारा, जबड्याचं हाड सडवणारा पांढरा फॉस्फरस कारखान्यात तसाच राहिला. कंपनीनं तो १९०१ मध्ये थांबवला, ब्रिटनमध्ये कायद्यानं बंदी आली ती १९१० पासून. नुसत्या बदनामीनं किती मिळतं आणि किती मिळत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

अमेरिकेत १९३५ च्या कामगार कायद्यानं शेतमजुरांना संघटनेच्या संरक्षणातून वगळलं होतं. त्यामुळे १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेलानो इथं फिलिपिनो आणि मेक्सिकन वंशाच्या द्राक्षमजुरांनी संप केला, तेव्हा त्यांना कायद्याचा आधार नव्हता. सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांच्या संघटनेनं शहरांतल्या गिऱ्हाइकांनाच साद घातली: ही द्राक्षं घेऊ नका. पाच वर्षं लागली, पण १९७० मध्ये बागायतदारांनी करारावर सह्या केल्या.

नव्वदच्या दशकात पेच बदलला. मोठे ब्रँड स्वतः कारखाना चालवतच नव्हते. माल कंत्राटानं दुसऱ्या देशांत शिवून घ्यायचा आणि मजुरीचा प्रश्न आला की कंत्राटदाराकडे बोट दाखवायचं. चळवळींनी नेमकं नावच धरलं, कारण ब्रँडची खरी मालमत्ता तीच. १९९६ मध्ये नायकीचा फुटबॉल शिवणाऱ्या पाकिस्तानी मुलाचं छायाचित्र 'लाइफ' मासिकात आलं. अखेर मे १९९८ मध्ये कंपनीचे प्रमुख फिल नाइट यांना जाहीरपणे कबूल करावं लागलं, की त्यांच्या मालाचं नाव गुलामीची मजुरी, सक्तीचा ओव्हरटाइम आणि मनमानी छळ यांच्याशी जोडलं गेलं आहे. २००५ मध्ये नायकीनं आपल्या कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली.

या हत्याराची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. बालमजुरांनी बनवलेल्या मालावर अमेरिका बंदी घालणार, अशी चर्चा सुरू होताच बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांनी १९९३ च्या सुमारास हजारो मुलांना रातोरात काढून टाकलं. त्यांतली कितीतरी खडी फोडण्यासारख्या याहून वाईट कामांना लागली. मुलांच्या शाळेची सोय करणारा करार झाला तो १९९५ मध्ये, आधी नव्हे.

त्याच देशात २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही कपडे कारखान्यांची इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. तळाच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, पण शिलाई कामगारांना धमकावून आत पाठवलं गेलं. १,१३४ माणसं मेली. ढिगाऱ्यात सापडलेली कपड्यांवरची लेबलं कार्यकर्त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरली, आणि आमचा संबंध नाही म्हणणाऱ्यांची पंचाईत झाली. तीन-चार आठवड्यांत अनेक ब्रँडनी इमारत आणि अग्निसुरक्षेच्या करारावर सह्या केल्या. तो कायदेशीर बंधनकारक होता, हीच मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी कमाई वाटते. आधीच्या आचारसंहिता कंपन्या स्वतःच लिहीत आणि स्वतःच तपासत; इथं शब्द मोडला तर कामगार संघटना ब्रँडला लवादापुढे खेचू शकत होत्या. २०१६ मध्ये त्यांनी दोन ब्रँडना हेगच्या लवाद न्यायालयात नेलंही. त्यांपैकी एकानं जानेवारी २०१८ मध्ये २३ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं. तडजोडीच्या अटीनुसार त्याचं नाव गुप्त ठेवण्यात आलं.