अ‍ॅप काढून टाकले म्हणजे सदस्यत्व बंद होते का?

"मोबाइलमधून अ‍ॅप काढून टाकले की त्याचे सशुल्क सदस्यत्व (सबस्क्रिप्शन) आपोआप बंद होते," असा संदेश सोलापुरातल्या सोसायट्यांच्या गटांवरही बरीच वर्षे फिरतो आहे. प्रत्यक्षात तसे होत नाही.

समज स्वाभाविक आहे, कारण नवी पेठेत रोखीने घेतलेल्या वस्तूचा व्यवहार तिथेच संपतो. सदस्यत्व घेताना मात्र आपण दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे कापण्याची आगाऊ परवानगी, म्हणजेच मॅन्डेट, दिलेली असते आणि तिची नोंद केवळ फोनमध्ये नसून बँकेकडे व सेवा देणाऱ्याकडेही असते. त्यामुळे अ‍ॅप गेले तरी ती परवानगी कायम राहते.

पडताळणी सोपी आहे. यूपीआय अ‍ॅपमधील 'ऑटोपे' विभागात चालू मॅन्डेट आणि त्यांच्या रकमा दिसतात, व ते तिथूनच रद्दही करता येतात. ऑक्टोबर २०२१पासून लागू असलेल्या नियमांनुसार कार्ड किंवा यूपीआयवरून अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना पाठवावी लागते. जाहिरातींच्या गर्दीत ती न वाचताच पुसली जाते, हे खरे दुखणे. सदस्यत्व आधीच रद्द केले तरी बहुतेक सेवा पैसे भरलेल्या मुदतीपर्यंत चालू राहतात, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत थांबण्यात काही लाभ नाही.