रिफ्ट व्हॅली फीव्हरचा अंदाज उपग्रहावरून कसा द्यायला लागले

उपग्रहावरून जनावरांच्या साथीचा अंदाज देतात म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं वरून आजारी गुरं दिसत असतील. वरून दिसते ती हिरवळ, आणि त्या हिरवळीचा साथीशी काय संबंध हे केनियात काम करणाऱ्या संशोधकांनी आधी जमिनीवर शोधून काढलं होतं.

१९३०-३१ मध्ये केनियात नैवाशा तलावाजवळ एका फार्मवर कोकरं पटापट मरायला लागली, मेंढ्या गाभडायला लागल्या, त्यातून रिफ्ट व्हॅली फीव्हरचा विषाणू सापडला. हा ताप माणसालाही होतो, डास चावून किंवा आजारी जनावराचं रक्त-मांस हाताळताना. पण एक साथ येऊन गेली की मधे कित्येक वर्षं काहीच नाही, मग एवढा काळ विषाणू राहतो कुठे?

तर मातीत. तिकडे गवताळ माळावर डांबो म्हणतात ते उथळ खोलगट भाग असतात, तिथल्या ओलसर मातीत एडीस डास अंडी घालतात, ती सुकून वर्षानुवर्षं टिकतात आणि दाबून पाऊस झाला, डांबो भरला की एकदम फुटतात. कीटकशास्त्रज्ञ केनेथ लिंथिकम आणि सहकाऱ्यांनी डांबोतल्या अळ्या आणून वाढवल्या तर त्यातून निघालेल्या डासांमध्ये विषाणू आधीच होता, म्हणजे मादीकडून अंड्यात उतरलेला. हे १९८५ मध्ये छापून आलं, आणि त्याच वर्षी ग्लिन डेव्हिस वगैरेंनी १९५० ते १९८२ मधल्या साथी आणि पाऊस शेजारी ठेवून दाखवलं की मोठी साथ लांबलेल्या जादा पावसातच येते. मला खरं काम हेच वाटतं.

कारण पुढचं मग जुळतच गेलं. नासाचे कॉम्प्टन टकर तेव्हा नोआ या अमेरिकी हवामान संस्थेच्या उपग्रहांवरून हिरवळ मोजायचे, हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात आणि इन्फ्रारेड परत पाठवतात त्या फरकावरून जो आकडा निघतो तो एनडीव्हीआय. १९८७ मध्ये लिंथिकम, टकर आणि मंडळींनी दाखवलं की हा आकडा चढला की डांबो भरलेत असं समजता येतं.

अडचण अशी की हिरवळ दिसेपर्यंत पाऊस होऊन गेलेला असतो, मग लस कधी टोचणार? १९९७-९८ च्या एल निनोत पूर्व आफ्रिकेत भयंकर साथ आली (आपल्याकडे एल निनो म्हणजे पाऊस कमी पडायची भीती, तिकडे उलट पूर), आणि १९९९ मध्ये त्याच गटाने मांडलं की पॅसिफिक आणि हिंदी महासागराचं तापमान हिरवळीसोबत बघितलं तर पाच महिने आधीपर्यंत इशारा देता येईल.

२००६ मध्ये परीक्षा झाली. नासातले असाफ अन्यांबा आणि टीमने धोका आधीच सांगितला, नोव्हेंबरमध्ये एफएओनेही (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) इशारा काढला, डिसेंबरमध्ये केनियातल्या गारिसात माणसं आजारी पडली आणि तिथल्या जनावरांना लस टोचायला सुरुवात झाली जानेवारी २००७ मध्ये! एकट्या केनियात दीडशेवर माणसं गेली, अंदाज बरोबर असून. हे वाचताना फार वाईट वाटतं.

त्यानंतर आयएलआरआय (आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था) आणि एफएओने तिथल्या पशुवैद्यांना सोबत घेऊन एक तक्ता बनवला, इशारा आला की काय करायचं, पाऊस लागला की काय, डास वाढले की काय, म्हणजे माणूस आजारी पडायची वाट न बघता लस मागवणं, बाजार बंद करणं हे आधीच ठरलेलं असेल.