आरसा निवल्याशिवाय गुरू उलगडत नाही

घरी बनवलेल्या न्यूटनी, म्हणजे आरशाने प्रकाश गोळा करणाऱ्या दुर्बिणीतून पहिल्यांदा गुरू पाहिला की अनेकांचा विरस होतो. पट्टे पुसट, कडा थरथरती. दोष लगेच आरशाच्या घासणीवर जातो. माझं सांगणं आहे, आधी नळीतली हवा तपासा.

एक तेजस्वी तारा घ्या आणि फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याची तबकडी होते, मधोमध दुय्यम आरशाची, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या छोट्या तिरप्या आरशाची, काळी सावली पडते. आता नळीच्या तोंडाशी हात धरा. हाताची ऊब त्या तबकडीवर धुरासारखी वर चढताना दिसेल! हात काढल्यावरही तसेच लोट सरकत राहिले, तर मुख्य आरसा अजून गरम आहे. १५० मिमी व्यासाची जाड काच निवायला तासाहून जास्त वेळ घेऊ शकते, आणि रात्र गार होत जाते तशी ती मागेच राहते. म्हणून दुर्बीण तास-दोन तास आधी बाहेर काढावी. नळीचं बूड उघडं ठेवून आरशामागे संगणकातला छोटा पंखा रबराच्या पट्ट्यांवर टांगला, तर काम खूपच लवकर होतं. रबर हवंच, नाहीतर पंख्याची थरथर प्रतिमेत उतरते.

नवी दुर्बीण बांधणार असाल, तर ग्रहांसाठी मी एफ/८ निवडेन, म्हणजे नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या आठपट. १५० मिमी आरशाला १२०० मिमी नाभीय अंतर. दृष्टिक्षेत्राचा कोमारहित (जिथे तारे धूमकेतूसारखे शेपटाळत नाहीत असा) मधला भाग एफ/५ पेक्षा सुमारे चौपट रुंद मिळतो, त्यामुळे आरसे जुळवताना राहिलेली बारीक चूक खपून जाते. दुय्यम आरसाही लहान चालतो. तो नाभीपासून १५० मिमी अलीकडे असेल, तर तिथे प्रकाशाचा शंकू जेमतेम १९ मिमी रुंद असतो. ग्रहाभोवती थोडी जागा सोडून २५ मिमीचा आरसा पुरतो. मधला अडथळा जितका लहान, तितके गुरूचे पट्टे ठसठशीत. नळी आतून काळी करायला विसरू नका.

एवढं जमलं की १५० मिमीची दुर्बीण साधारण ०.८ विकलेपर्यंतचा तपशील सुटा दाखवू शकते. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे गुरू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असताना, त्याची तबकडी ४४ ते ५० विकला असते, म्हणजे बघण्यासारखं पुष्कळ आहे. ७ मिमीची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) लावा, सुमारे १७० पट मोठं दिसेल. गुरू आकाशात उंच येऊ द्या, दिवसभर तापलेल्या छपरावरून पाहू नका आणि डोळा नेत्रिकेला लावून बसा. हवा एक-दोन सेकंद थांबते, आणि तेवढ्यात पट्ट्याच्या कडेचे निळसर धागे दिसून जातात.